संयुक्त राष्ट्रसंघाचे सचिवालय कसे अभ्यासावे

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वह्या मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे प्रकरण उघडले की आमसभा आणि सुरक्षा परिषद यांवर पाने भरलेली दिसतात, आंतरराष्ट्रीय न्यायालयाला अर्धे पान मिळालेले असते आणि सचिवालयाच्या वाट्याला फक्त महासचिवांची यादी येते: ट्रिग्व्ही ली यांच्यापासून अँतोनियो गुटेरेस यांच्यापर्यंत नऊ नावे, नऊ देश, नऊ कार्यकाळ. यादी पाठ होते, परीक्षा होते आणि यादी विसरली जाते. परीक्षार्थी असो, शिक्षक असो किंवा बातमीमागचे कळावे अशी इच्छा असलेला वाचक असो, ज्याला हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे त्याच्यासाठी माझी पद्धत येथे लिहीत आहे. आठवड्याला एक निवांत सकाळ दिली तर दीड-दोन महिन्यांत विषय हाताशी येतो.

सुरुवातीला शब्द निश्चित करून घ्यावेत, कारण मराठीत येथेच गोंधळ होतो. १९२० मध्ये काम सुरू केलेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विसर्जित झालेली संस्था म्हणजे राष्ट्रसंघ. १९४५ मध्ये स्थापन झालेली ती संयुक्त राष्ट्रसंघ. जुन्या वर्तमानपत्रांत ‘सरचिटणीस’ असा शब्द येतो आणि पाठ्यपुस्तकांत ‘महासचिव’. पद एकच आहे. ‘सचिवालय’ म्हणजे न्यूयॉर्कमधली उंच इमारत असेही अनेकांना वाटते. ती एकोणचाळीस मजली इमारत १९५० पासून वापरात आली आणि तिच्या जमिनीसाठी जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी ८५ लाख डॉलर दिले, हे खरे. परंतु सनदेच्या भाषेत सचिवालय म्हणजे महासचिव आणि त्यांच्या हाताखालचा कर्मचारीवर्ग, म्हणजे माणसे. ही माणसे न्यूयॉर्कबरोबरच जिनिव्हा, व्हिएन्ना आणि नैरोबी येथील कार्यालयांत, बँकॉक, आदिस अबाबा, बैरुत, सँतियागो येथील प्रादेशिक आयोगांत आणि शांतिमोहिमांच्या मुक्कामांवर काम करतात. त्यांची एकूण संख्या अलीकडच्या वर्षांत ३५ हजारांच्या आसपास राहिली आहे.

यानंतर सनदेचे पंधरावे प्रकरण काढावे. कलम ९७ ते १०१, एवढी पाचच कलमे आहेत. ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि छापून घेतली तर एका पानावर मावतात. बहुतेक जण कलम ९७ पासून वाचायला घेतात, कारण तेथे महासचिवांची नियुक्ती आहे: सुरक्षा परिषदेने शिफारस करायची आणि आमसभेने नेमणूक करायची. मी मुलांना कलम १०० आधी वाचायला सांगतो, तेही मोठ्याने आणि दोनदा. त्याचा आशय असा आहे: महासचिव आणि कर्मचारी यांनी आपले काम करताना कोणत्याही सरकारकडून किंवा संस्थेबाहेरच्या कोणत्याही सत्तेकडून सूचना मागायच्या नाहीत आणि आल्या तर घ्यायच्या नाहीत. त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात सदस्य देशांवरही बंधन आहे: या कामाचे केवळ आंतरराष्ट्रीय स्वरूप त्यांनी मानायचे आणि कर्मचाऱ्यांवर दबाव आणायचा नाही. पहिल्या वाचनात हे शुष्क वाटते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी स्वतःला एक प्रश्न विचारावा: पगाराचा पैसा देशांच्या वर्गणीतून येतो, नेमणूक देशांच्या संमतीने होते, मग हुकूम मात्र देशांचा चालणार नाही, हे प्रत्यक्षात कसे शक्य आहे? सचिवालयाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि म्हणूनच अभ्यास येथून सुरू करावा.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा प्रश्न उमजायला फार लांब जावे लागत नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्या आपण ऐकलेल्या आहेत. शेअर किती असले तरी सभासदाला मत एकच. आमसभेतही देश मोठा असो वा लहान, मत एकच. कारखान्यात संचालक मंडळ निवडून येते, पण रोजचा गाडा कार्यकारी संचालक आणि कर्मचारी हाकतात. अशा वेळी एखाद्या संचालकाच्या गावचा मुलगा शेती विभागात नोकरीला असेल आणि ‘आमच्या गटातल्या उसाला तोड आधी दे’ असा निरोप त्याला आला, तर त्याने काय करावे? ज्याने हा पेच जवळून पाहिला आहे, त्याला कलम १०० कशासाठी लिहिले गेले ते समजावून सांगावे लागत नाही. मात्र ही तुलना येथेच थांबवावी. सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांच्या नकाराधिकारासारखी गोष्ट सहकारात नाही, आणि उपमा ताणली की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत भलतेच लिहून बसतो.

आता इतिहासाकडे वळावे. तो कालक्रमाने पाठ करण्याऐवजी, हा प्रश्न जेव्हा जेव्हा कसोटीला लागला ते प्रसंग निवडून वाचावेत. वहीच्या डाव्या पानावर प्रसंग लिहावा आणि उजव्या पानावर ‘कोणी दबाव आणला, कोणी तो झेलला, शेवटी काय ठरले’ एवढेच लिहावे.

पहिला प्रसंग राष्ट्रसंघाचा. त्याचे पहिले महासचिव सर एरिक ड्रमंड हे ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातून आलेले अधिकारी होते. प्रत्येक देशाने आपापली माणसे पाठवायची, त्यांचा पगारही त्याच देशाने द्यायचा आणि त्यांनी आपल्याच देशाचे ऐकायचे, असे सचिवालय त्यांना करता आले असते. त्या काळात तेच स्वाभाविक मानले जात होते. ड्रमंड यांनी तो मार्ग नाकारला आणि राष्ट्रसंघालाच बांधील असलेला कायम कर्मचारीवर्ग उभा केला. १९२० मधील बालफोर अहवालाने या विचाराला लेखी रूप दिले: एकदा नेमणूक झाली की तो अधिकारी आपल्या देशाचा सेवक राहत नाही, तेवढ्या काळापुरता तो राष्ट्रसंघाचाच सेवक होतो. आंतरराष्ट्रीय नागरी सेवा ही कल्पना येथे जन्मली. पुढे तिला तडेही गेले. फॅसिस्ट इटलीने आपल्या नागरिक असलेल्या अधिकाऱ्यांकडून आपल्याच राजवटीशी निष्ठेची अपेक्षा धरली. दुसरे महासचिव जोसेफ अव्हनॉल १९४० मध्ये पायउतार झाले आणि आयर्लंडचे शॉन लेस्टर यांनी १९४६ पर्यंत मोजक्या माणसांसह ते सचिवालय सांभाळले. लेस्टर यांच्याविषयी पाठ्यपुस्तके एखादी ओळही लिहीत नाहीत. युद्धाच्या वणव्यात विझत चाललेली संस्था नीट जपून पुढच्या हातांत सोपवणारा माणूस म्हणून त्यांचे नाव वहीत अवश्य असावे.

दुसरा प्रसंग ट्रिग्व्ही ली यांच्या काळातला आहे आणि तो अवघड आहे, म्हणून त्याला अधिक वेळ द्यावा. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात त्यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे सोव्हिएत संघ त्यांच्या फेरनियुक्तीला तयार नव्हता; आमसभेने त्यांची मुदत तीन वर्षांनी वाढवली, परंतु सोव्हिएत संघाने त्यांना महासचिव मानणेच सोडून दिले. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत साम्यवाद्यांचा शोध घेण्याचे वारे शिगेला पोहोचले होते. १९५२ मध्ये सचिवालयातल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना चौकशी समित्यांसमोर बोलावण्यात आले आणि ज्यांनी आपल्या राज्यघटनेतल्या हक्काचा आधार घेऊन उत्तर द्यायला नकार दिला, अशा काहींना ली यांनी नोकरीतून काढले. अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेच्या (एफबीआयच्या) माणसांना मुख्यालयाच्या आवारात काम करण्याची मुभाही मिळाली. १९५३ मध्ये ली यांच्या जागी महासचिव म्हणून आलेले डाग हमरशोल्ड यांनी त्याच वर्षी त्या माणसांना बाहेर काढले. काढलेल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना संस्थेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, अमेरिकेने तिला विरोध केला, आणि १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लादर्शक मत दिले की न्यायाधिकरणाचा निवाडा अमलात आणायला आमसभेला नकार देता येणार नाही. लक्षात घ्यावे की येथे दबाव एका शत्रुराष्ट्राचा नव्हता. सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्या आणि स्वतःच्या शहरात संस्थेला जागा देणाऱ्या यजमान देशाचा तो दबाव होता. उजव्या पानावर हे वाक्य ठळक लिहावे.

तिसरा प्रसंग १९६० चा. काँगोच्या पेचप्रसंगात हमरशोल्ड यांच्यावर संतापलेले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी आमसभेत प्रस्ताव मांडला की एका महासचिवाऐवजी तीन जण असावेत: एक पाश्चात्त्य गटाचा, एक समाजवादी गटाचा आणि एक अलिप्त देशांचा. वरवर हे न्याय्य दिसते. वर्गात विचारले तर निम्मी मुले या प्रस्तावाच्या बाजूने हात वर करतात. मग मी विचारतो की यातला प्रत्येक जण कोणाचा माणूस ठरेल? वर्गात उत्तर यायला फार वेळ लागत नाही. ३० मे १९६१ रोजी ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात हमरशोल्ड यांनी याचेच उत्तर दिले: माणसाला स्वतःची मते असतात, परंतु मते असूनही निःपक्षपाती वागणे त्याला शक्य असते. ते व्याख्यान इंग्रजीत आहे, लांब आहे, तरीही मूळ वाचावे. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, १८ सप्टेंबर १९६१ रोजी, काँगोतल्या युद्धविरामासाठी जात असताना आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. तीन महासचिवांची कल्पना मागे पडली आणि बर्माचे ऊ थांट त्या जागी आले.

नंतरच्या महासचिवांसाठी इतका वेळ देण्याची गरज नाही. वाल्डहाइम यांच्या तिसऱ्या मुदतीला १९८१ मध्ये चीनने पुन्हा पुन्हा नकाराधिकार वापरून रोखले; १९९६ मध्ये बुत्रोस घाली यांच्या बाजूने सुरक्षा परिषदेत चौदा मते असताना अमेरिकेच्या एकाच मताने त्यांची दुसरी मुदत हुकली; कोफी अन्नान हे कर्मचारीवर्गातूनच वर आलेले पहिले महासचिव. एवढे पुरे.

इतिहासाच्या जोडीने काम पाहावे, आणि ते विभागांच्या नावांतून पाहू नये, हातांतून पाहावे. मी दुभाषांपासून सुरुवात करतो. आमसभेच्या अधिकृत भाषा सहा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. सभागृहावरच्या काचेच्या खोल्यांत दुभाषे जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने आळीपाळी करतात, कारण त्याहून अधिक वेळ हे काम एकट्याने सलग केले तर चुका होऊ लागतात. ४ ऑक्टोबर १९७७ रोजी परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी हिंदीत बोलले. अनधिकृत भाषेत बोलणाऱ्या प्रतिनिधीने एका अधिकृत भाषेतले भाषांतर स्वतः पुरवायचे असा नियम आहे. ते भाषांतर ऐकून बाकीच्या खोल्यांतले दुभाषे आपापल्या भाषेत सांगतात. एखाद्या भाषणाचे ध्वनिचित्रण काढून मुलांना मराठीत दोन मिनिटे तसेच सोबत बोलायला सांगावे. सचिवालय म्हणजे काय, हे त्या दोन मिनिटांत जितके समजते तितके माझ्या तासाभराच्या बोलण्याने समजत नाही.

दुसरे काम करारांचे. सनदेच्या कलम १०२ नुसार सदस्य देशांनी केलेला प्रत्येक करार सचिवालयाकडे नोंदवायचा असतो आणि सचिवालयाने तो प्रसिद्ध करायचा असतो. नोंद नसलेल्या कराराचा आधार संयुक्त राष्ट्रसंघाच्या कोणत्याही अंगासमोर घेता येत नाही. गुप्त तहांनी पहिले महायुद्ध पेटवायला हातभार लावला, या अनुभवातून ही तरतूद राष्ट्रसंघाच्या काळात आली. भारत आणि पाकिस्तान यांच्यातला १९६० चा सिंधू जलवाटप करार या करारमालेच्या ४१९ व्या खंडात छापलेला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यावरचे वाद ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना तो वाचताना गोडी वाटते.

तिसरे काम शांतिमोहिमांचे, आणि येथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, गडहिंग्लज भागातही लष्करात गेलेली घरे पुष्कळ आहेत. निळी टोपी घालून परदेशी जाऊन आलेला कोणी ना कोणी ओळखीत असतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त हवालदारांनी एकदा आपले पदक वर्गात आणले. पुढच्या बाजूला संयुक्त राष्ट्रसंघाचे चिन्ह, मागे ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे, वर निळी-पांढरी फीत. मुलांनी ते हातोहात फिरवले आणि एकीने विचारले, ‘काका, म्हणजे तुम्ही सचिवालयात होतात का?’ ते म्हणाले, ‘नाही बाळा, मी भारतीय लष्करातच होतो. पगार आपल्याच सरकारचा.’ त्यांचे उत्तर अगदी नेमके होते. पलटण देश पाठवतो, सैनिकांचे वेतन देशच देतो आणि संयुक्त राष्ट्रसंघ ठरावीक दराने त्या देशाला परतफेड करतो. मोहिमेची आखणी, पुरवठा, हिशेब आणि नागरी कर्मचारी ही सचिवालयाची बाजू. या दोन्ही बाजू वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. त्याचबरोबर हेही लिहावे की युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना किंवा युनेस्को सचिवालयाचे विभाग नाहीत. त्यांचा कारभार स्वतंत्र आहे.

आता कागदपत्रे. ज्याला दस्तऐवजाचा क्रमांक वाचता येतो, त्याला कोणाच्या टिपणांवर अवलंबून राहावे लागत नाही. ‘ए/आरईएस/६९/१३१’ हा क्रमांक घ्या. ‘ए’ म्हणजे आमसभा, ‘आरईएस’ म्हणजे ठराव, ६९ म्हणजे एकोणसत्तरावे अधिवेशन आणि १३१ हा त्या अधिवेशनातला ठरावाचा क्रमांक. संयुक्त राष्ट्रसंघाच्या डिजिटल ग्रंथालयात हा क्रमांक टाकला की ११ डिसेंबर २०१४ चा आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव समोर येतो. ‘एस’ असेल तर सुरक्षा परिषद, ‘ई’ असेल तर आर्थिक व सामाजिक परिषद, आणि ‘एसटी’ असेल तर खुद्द सचिवालयाचा कागद. कलम ९८ प्रमाणे महासचिव दरवर्षी आमसभेला अहवाल देतात; ‘ए/७९/१’ हा २०२४ चा तसा अहवाल. अधिवेशनाचा आकडा बदलला की त्या त्या वर्षीचा अहवाल मिळतो. विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात किंवा करवीर नगर वाचन मंदिरात बसून आंतरराष्ट्रीय संबंधांवरची पुस्तके वाचताना तळटिपेत असा क्रमांक दिसला, तर तो उतरवून घ्यावा आणि घरी मूळ कागद उघडावा.

पैसा आणि पदे यांचे आकडे न टाळता पाहावेत. नियमित अंदाजपत्रक २०२० पासून दरवर्षी मंजूर होते. २०२५ चे सुमारे ३७२ कोटी डॉलरचे होते. शांतिमोहिमांचा हिशेब वेगळा असून त्याचे वर्ष जुलै ते जून असे असते. वर्गणीत अमेरिकेचा वाटा २२ टक्के, २०२५ ते २०२७ साठी चीनचा सुमारे २० टक्के आणि भारताचा एक टक्क्याहून किंचित अधिक आहे. मोठे देश वर्गणी उशिरा देतात किंवा थकवतात तेव्हा सचिवालयाला भरती थांबवावी लागते आणि खर्च कापावा लागतो. मार्च २०२५ मध्ये महासचिवांनी सुरू केलेल्या सुधारणांच्या उपक्रमामागे हेही एक कारण होते. माझ्या मते थकलेली वर्गणी हा कलम १०० वरचा सर्वांत शांत आणि सर्वांत परिणामकारक दबाव आहे.

पदांबाबत कलम १०१ म्हणते की कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांना सर्वाधिक महत्त्व द्यावे आणि भरती शक्य तितक्या व्यापक भौगोलिक पायावर करावी. १९८८ पासून लागू झालेल्या सूत्रात एखाद्या देशाच्या वाट्याची पदे काढताना सदस्यत्वाला ४० टक्के, वर्गणीला ५५ टक्के आणि लोकसंख्येला केवळ ५ टक्के वजन दिले गेले. भारतासारख्या देशासाठी याचा अर्थ काय होतो, हे उदाहरण मांडून स्वतः सोडवावे. तरीही आपली माणसे तेथे मोठ्या पदांवर पोहोचली. ऊ थांट यांच्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून सी. व्ही. नरसिंहन यांनी दीर्घकाळ काम केले.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्या मुलांना तेथे नोकरी मिळेल का, असे पालक विचारतात, म्हणून तेही लिहितो. तरुणांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम’ नावाची परीक्षा असते. वयाची मर्यादा ३२ वर्षे आहे आणि ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे त्यांच्याच नागरिकांना त्या वर्षी अर्ज करता येतो, त्यामुळे यादीत भारत आहे का हे आधी पाहावे. सर्व जाहिराती ‘करिअर्स डॉट यूएन डॉट ऑर्ग’ येथे असतात. भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेतले जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ‘युनोत लावून देतो’ म्हणणाऱ्या एका मध्यस्थाला गुळाच्या सौद्यातून आलेले पैसे दिले आणि ते परत मिळाले नाहीत. निळे चिन्ह असलेले पत्र, परदेशी दूरध्वनी क्रमांक, सगळे बनावट होते. शुल्क मागितले की तेथेच थांबावे, ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी.

शेवटच्या आठवड्यासाठी एक लेखी काम देतो. कलम ९९ महासचिवांना अधिकार देते की आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांना धोका वाटेल अशी कोणतीही बाब ते स्वतःहून सुरक्षा परिषदेच्या नजरेस आणू शकतात. हमरशोल्ड यांनी जुलै १९६० मध्ये काँगोसाठी हा अधिकार वापरला. गुटेरेस यांनी ६ डिसेंबर २०२३ रोजी गाझासाठी वापरला. दोन दिवसांनी युद्धविरामाच्या ठरावाला तेरा मते मिळाली, ब्रिटन तटस्थ राहिले आणि अमेरिकेच्या नकाराधिकाराने तो फेटाळला गेला. गुटेरेस यांचे ते पत्र लहान आहे. ते डिजिटल ग्रंथालयातून काढावे, सनदेचे छापलेले पान शेजारी ठेवावे आणि पत्रातले प्रत्येक वाक्य कलम ९७ ते १०१ पैकी कोणत्या शब्दांवर उभे आहे ते समासात पेन्सिलीने लिहावे. नंतर त्याच पानाच्या मागे, गुटेरेस यांची मुदत ३१ डिसेंबर २०२६ रोजी संपल्यावर येणाऱ्या महासचिवाला, ती व्यक्ती उमेदवार असताना, आपण कोणते तीन प्रश्न विचारले असते, ते लिहावेत. २०१६ पासून उमेदवारांना सदस्य देशांसमोर जाहीरपणे बोलावे लागते आणि त्या मुलाखतींचे ध्वनिचित्रण कोणालाही पाहता येते. आपल्या प्रश्नांपैकी कोणता तेथे विचारला गेला आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे त्या तीन ओळींखाली नोंदवून ठेवावे.